प्लास्टिकमधला सव्विसावा भाग

मी एक जुना, पण बरीच वर्षं कोणी न उघडलेला सव्विसावा भाग आहे. मित्रांनो, दचकू नका. मी जपानी चित्रकथा आहे, उजवीकडून डावीकडे वाचायची. माझ्या मुखपृष्ठावर रक्ताने माखलेली बाहुली आहे आणि पोटात मुडदेच मुडदे. पंचवीस भाग ज्या खुन्याने वाचकांची झोप उडवली, त्याचा चेहरा माझ्यात दिसतो. एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन मी अमरावतीच्या अश्विनच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुदमरत होतो.

आणि तो पहिला भाग! पाठ उसवलेली, पानांवर तेलाचे डाग, तरी त्याचाच थाट. अश्विन आणि त्याची बहीण पिंकी लहानपणी एका गादीवर पालथी पडून त्याला वाचत, किंचाळत आणि आईच्या शिव्या खात. नवा भाग एकट्याने वाचायचा नाही, असं त्यांचं तेव्हाच ठरलं होतं. त्या म्हाताऱ्याने हे मला इतक्यांदा ऐकवलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. बेट्याला खुनी कोण याचा पत्ताही नाही!

मी आलो तेव्हा पिंकी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. माहेरी यायची, पण कधी लेकरू तापलेलं, कधी परतीची गाडी धरायची घाई. अश्विनची बायको ज्योत्स्ना म्हणायची, फोडा ना एकदाचं ते. तो मला नुसता पुसून ठेवायचा. पुसून! मला काय आंघोळ हवी होती?

यंदा बुद्धपौर्णिमेला पिंकी राहायला आली. अश्विन खिरीसाठी दूध आणायला गेला, तेव्हा तिने मला हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मी तं हा अकोल्यातच वाचून टाकला. दादाले सांगू नोको, तो माह्यासाठी थांबून राहिला."

म्हणजे अकोल्यात माझा जुळा भाऊ होता आणि त्याने माझा वाटा खाल्ला होता! त्याला वाळवी लागो, असं मी मनात म्हटलं.

जेवणं झाल्यावर अश्विनने प्लास्टिक फोडलं. दोघं शेजारी बसली. खुन्याला शोधणारा फौजदारच मुखवटा काढतो, ते पान आलं तसा अश्विन ओरडला, "अबे, हाच होय?" पिंकीही ओरडली. पण तिची नजर माझ्या पानावर नव्हतीच. ती भावाचं तोंड पाहून हसत होती.

मित्रांनो, पुस्तकं कोंडून ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. आम्हाला हाताळा, चुरगळा, भांडून ओढा. मी उघडला गेलो, तरी माझी जळजळ काही गेली नाही. आता मला अश्विनचाच हेवा वाटतो. माझ्या एकाही पानाकडे कोणी तसं पाहिलेलं नाही.