नात्याचा रकाना

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धाकट्याला कामाच्या जागेच्या फाटकापाशी ताब्यात घेतलं. तो रंगारी होता. खांद्यावरची ब्रशांची पिशवी यादीत ‘अवजारे, वापरलेली, सात’ अशी नोंदली गेली. परक्या देशात राहण्याचा परवाना संपून एकोणीस दिवस झाले होते. नूतनीकरणाचा अर्ज मात्र वेळेत दिलेला होता आणि त्याची पोच घरी कपाटात होती.

अकराला इमिग्रेशनच्या केंद्रातल्या कोठडीतून त्याचा फोन थोरल्याला आला. थोरला त्याच शहरात एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या मशीनवर होता.

"दादा, दहा मिनिटं मिळतात. लिहून घे."

"आधी सांग, काही खाल्लंस का?"

"लिहून घे म्हणतोय ना! इथे भिंतीवर फुकट वकिलांची यादी आहे. बारा नंबर."

थोरल्याने चादरींच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी उलटी करून लिहायला घेतलं. आठव्या नंबरचे चार आकडे झाले आणि फोन कापला गेला.

हाती आले सात. त्यांतले तीन बंद होते. एकाची निरोपपेटी भरलेली. एक कचेरी फक्त लहान मुलं असलेल्या कुटुंबांची प्रकरणं घेत होती, एकीच्या हद्दीत ते केंद्र येत नव्हतं. सातव्या नंबरवर एक वकीलबाई स्वतः बोलल्या, आणि त्यांना मराठी येत होतं.

"तुम्ही त्याचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"म्हणजे काय बाई! एका ताटात जेवलोय."

बाईंनी नात्याच्या रकान्यात ‘सख्खा भाऊ’ लिहिलं. कोठडीत धाकट्यानेही तेच लिहून दिलं होतं. थोरल्याच्या हमीवर, त्याच्याच घरी राहण्याच्या अटीवर, सुटकेचा अर्ज दाखल झाला.

शुक्रवारी सरकारी पक्षाने दोन जन्मदाखले शेजारी शेजारी ठेवले. वडिलांची नावं वेगळी, आईचीही. अर्जदार आणि हमीदार दोघेही खोटं बोलतात, असा शेरा पडला. अर्ज फेटाळला गेला तर पुढच्या आठवड्याच्या विमानात धाकट्याची जागा ठरलेली होती.

बाईंची कचेरी चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. चार खुर्च्या, चारही वेगळ्या. थोरला आणि त्याची बायको दुपारी तिथे पोचले.

"चुलत आहात ना?" बाईंनी विचारलं.

थोरला उठून दुसऱ्या खुर्चीत बसला.

"अहो, बोला की," बायको म्हणाली. मग बाईंकडे वळून, "यांच्या घरात तो शब्द चालत नाही."

हे खरं होतं. त्या घरात शिव्या चालत, चुलत चालत नसे. धाकटा दोन वर्षांचा असताना त्याचे आईवडील पाठोपाठ गेले आणि थोरल्याच्या आईने त्याला कडेवर घेऊन आणलं. काकू म्हणायला शिकण्याआधीच तो तिला आई म्हणू लागला. थोरला नऊ वर्षांचा असताना एका पेन्सिलीवरून भांडण पेटलं आणि तो ओरडला, "जा रे, तू चुलत आहेस!" आईने मारलं नाही. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शब्द कुठून आणलास? जिथून आणलास तिथे ठेवून ये." तो शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला, जरा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"मग हेच लिहा," सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "कोणी वाढवलं, किती वर्षं एका घरात. पण पहिल्या ओळीत ‘चुलत’ पाहिजे, आणि सही दोघांची. आधी लिहिलं ते फसवायला नव्हे, सवयीने लिहिलं, असं मला सांगता आलं पाहिजे."

शनिवार-रविवार थोरला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसला. पहिली ओळ सोडून त्याने बाकीचं आधी लिहिलं. दोन खोल्या, एक पलंग. भिंतीकडची बाजू कोणाची यावर रोज वाद, म्हणून आईने वार वाटून दिले होते. रविवारी ती बाजू रिकामी. एकच रेनकोट, तो एकाने शाळेत नेला की दुसरा भिजत यायचा. धाकट्याने तेराव्या वर्षी उरलेल्या हिरव्या रंगाने अर्धं दार रंगवलं, रंग संपला, आणि घर सोडेपर्यंत ते दार तसंच अर्धं हिरवं राहिलं. संध्याकाळी आई दोघांना एकाच हाकेत बोलवायची. दोन नावं जोडून तिने एक नाव केलं होतं.

नऊ पानं झाली. बायकोने उभ्याउभ्या वाचली.

"माझ्यावर कधी अर्धं पानही लिहिलं नाहीत."

"तू कुठे कोठडीत होतीस?"

"मग हे घर काय आहे?"

पहाटे कामावर निघताना त्याने पहिली ओळ लिहिली.

सोमवारी बाईंनी पेन्सिल चालवली. रेनकोट गेला, दार गेलं, पलंगाचं एक वाक्य राहिलं. "न्यायाधीशांना तारखा लागतात," त्या म्हणाल्या. शाळेच्या दाखल्यावर दोघांचे पालक म्हणून आईचीच सही होती, ती त्यांनी दोनदा अधोरेखित केली. दीड पान उरलं. थोरल्याने सही केली आणि कागद धाकट्याच्या सहीसाठी केंद्रात गेला.

मंगळवारी फोन आला.

"इथली उशी तुझ्या डोक्यासारखी आहे दादा. आत काही नाही."

"कागद मिळाला?"

"मिळाला. तू सही केलीस?"

"केली."

"चुलत म्हणून?"

"चुलत म्हणून."

पलीकडे कोणीतरी खोकत होतं.

"आई असती तर?"

"आई असती तर पेन तिनेच आणून दिलं असतं."

"उगाच बोलू नकोस. दोन दिवस बोलली नव्हती ती. मी नाही करणार सही."

"अरे, सुटायचंय ना तुला?"

"सुटून कोणाकडे येऊ? भावाकडे की चुलतभावाकडे?"

"गाढवाकडे ये. पण ये."

तेवढ्यात दहा मिनिटं संपली.

सुनावणी गुरुवारी सकाळी साडेनऊला ठेवली आहे. बुधवारी संध्याकाळी पाचला कचेरी बंद होईपर्यंत कागद सही होऊन आला नव्हता. केंद्रातल्या कारकुनाने बाईंना फोनवर एवढंच सांगितलं, की धाकट्याने दुपारी पेन मागून घेतलं आहे आणि अजून परत केलेलं नाही.