मारुतीच्या तोंडचं वाक्य

मी लाकडी ठसा बोलतोय. आकाराने कोयरी, उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा. मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाग नावाच्या गावी सागवानातून मला कोरलं. सहा वर्षं मी चादरींच्या काठांवर लाल कोयऱ्या उमटवल्या. मग माझा एक कोपरा उडाला आणि कारागिराने मला बाजूला टाकलं.

तिथून मला देवासच्या सुमंगलाबाईंनी मागून आणलं. त्या दर रविवारी मुलांना मराठी शिकवतात. मुलं हिंदी शाळेतली; बोलतात फटाफट, लिहिताना अडतात. एकदा श्रेयसने लिहिलं, ‘बाबा म्हणाले मी उद्या येणार नाही.’

“कोण येणार नाही?” बाईंनी विचारलं. “तू की बाबा?”

श्रेयसलाच सांगता येईना. तेव्हा बाईंनी मला शाईत बुडवलं. बोलणं सुरू होताना दोनदा सुलटं उमटवलं, संपताना दोनदा उलटं. “तोंडातून निघालं तेवढंच आत,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी अवतरणचिन्ह झालो. चादरीवर मी नुसती शोभा होतो. इथे माझ्यावाचून कोण काय बोललं ते कळत नाही.

यंदा गणपतीत मंडळाचं भित्तिपत्रक निघायचं होतं. बाईंच्या वर्गातल्या गुंजनने आपल्या वडिलांवर, मारुतीवर लिहिलं. त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो गिऱ्हाइकाला म्हणतो, “भिया, फिकर नको करू. शामपर्यंत गाडी चकाचक करून देतो.”

भित्तिपत्रक तपासायला दत्तोपंत होते. देवास संस्थानच्या जुन्या दरबारी घराण्यातले, मराठीच्या बाबतीत फार कडक. त्यांनी ते खोडून वर लिहिलं, “महोदय, चिंता नसावी. सायंकाळपर्यंत वाहन दुरुस्त करून देतो.”

गुंजनने कागद पाहिला. तिचे कान लाल झाले. “आजोबा, माझे बाबा असं नाही बोलत. हेच लावायचं असेल तर माझं नाव काढा.”

“चिन्हांच्या बाहेरचं सुधारा, दत्तोपंत,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “आतलं मारुतीचं आहे.”

“अहो, मी तर तिच्या भल्याकरताच बोलून राहिलो ना! लहान पोरीशी फालतूमध्ये कशाला झगडा करू?” दत्तोपंत उसळले.

गुंजनने वही ओढली, दत्तोपंतांचं हे बोलणं जसंच्या तसं लिहिलं, मला दोन्ही टोकांना उमटवलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

दत्तोपंतांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. “मी असं बोललो? ‘बोलून राहिलो’, ‘फालतूमध्ये’?”

“हो, आजोबा.”

मग स्वतः कोरा कागद घेऊन त्यांनी मारुतीचं वाक्य आपल्या वळणदार अक्षरात उतरवलं, भिया आणि शामसकट. ठसे मात्र गुंजनकडून मारून घेतले.

आरतीनंतर मारुती भित्तिपत्रकापुढे आला. हाताला ग्रीस होतं म्हणून हात मागे बांधून तो वाचू लागला. आपल्या वाक्यापाशी थांबला आणि त्याने ते मोठ्याने वाचलं, अगदी दुकानात बोलतो त्याच सुरात. “हे तर मीच,” तो म्हणाला.

आता माझं टोक झिजलंय, कधीकधी डाग पडतो. त्याचं मला काही वाटत नाही. तुम्ही पेनाने चिन्ह काढलंत तरी चालेल. एवढंच करा, कुणाचं बोलणं लिहाल तेव्हा ते त्याचंच राहू द्या. त्याला ते वाचून आपली ओळख पटली पाहिजे.