ओढणीवरची पाखरं

"हालू नको, विशा," आई हळूच म्हणाली. "बसून हायेत थे."

उजाडायचं होतं. मी अंगणातल्या खाटेवर होते आणि छातीवरच्या ओढणीवर करड्या रंगाची, पतंगासारखी बारकी पाखरं होती. नुसती बसलेली नाही. पंख थरथरवत कापडावर गोल गोल फिरत होती, आवाज म्हणून नाही. बाभुळगावजवळचं आमचं गाव, कुडाला लागून कपाशीची पऱ्हाटी, तेव्हा पाखरांचं नवल नव्हतं. पण उशीवर एक नाही, आईच्या लुगड्यावर एक नाही. सगळी माझ्याच अंगावर.

"काल बी आलते," आई म्हणाली. "तू आल्यापासून येतात. अतुल होय थो."

अतुल माझा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी लोकांच्या कपाशीवर रोजीनं फवारणी करत होता, ते विष अंगात भिनलं आणि दवाखान्यातच गेला. त्याच्या पहिल्या पुण्यानुमोदनासाठी मी नागपूरहून आले होते.

आमच्या घरात असलं बोलायची सोय नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि आत्म्याबित्म्याचं नाव निघालं की बाबांच्या नाकाला आजही मिरच्या झोंबतात. म्हणून आई कुजबुजत होती.

"तुह्यापाशी येतो. माह्यापाशी काहून नाही येत?" तिचा आवाज चिरकला. "डोकं दुखते म्हने त्या दिवशी, तरी बी मीच धाडलं त्याले. राग धरला असन त्यानं."

आता आली का पंचाईत. खरं सांगावं तर अतुल जातो, न सांगावं तर आई झुरून मरते. गोड बोलून वेळ मारून नेणं मला कधी जमलेलं नाही. सांगून टाकलं.

"आई, बोंडअयीचे नर हायेत हे. मादीच्या वासानं येतात. थो वास आमच्या लॅबमंधी रोज हाताले लागते, अन् हात ओढनीले पुसायची खोड मले."

तिने ओढणीचं टोक नाकाला लावलं. माणसाला तो वास येतच नाही. बोंडअळीच्या नराच्या मिशांत एक प्रथिन असतं, ते हा वास धरतं. त्या प्रथिनाचं जनुक नेमकं कापायचं आणि मग नर काय करतो ते बघत बसायचं, हे माझं काम. बाबा गावभर 'पोरगी शास्त्रज्ञ होय' म्हणून सांगतात, ती मी हे करते. आईला मी जमेल तसं समजावलं.

"कापल्यावर काय होते?" तिने विचारलं.

"काही नाही. साखरपानी पितात, उडतात. पन वास समोर ठेवला तरी तिकडं जात नाहीत."

"आठोन येत नाही त्यायले."

"आठोन नाही व, वास."

"तेच थे." तिने विचारलं, "मानसातलं काढता येते काय?"

"नाही."

एक पाखरू माझ्या गळ्यापर्यंत चढलं होतं. मला ते झटकावंसं वाटत होतं, पण आई बघत होती म्हणून झटकवेना.

"म्हंजे," ती म्हणाली, "जे नाहीच, त्याले हुडकत येतात."

मला एकदम रडू आलं. "हो. अन् अतुलचा राग नाही काही. थो नाहीच, आई."

"समजलं मले." तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "ओढनी ठेवून जाय."

मी ती हळूच उतरवून तिच्या हातात दिली.

मी निघायच्या दिवशी अंधारातच उठले. दारातून पाहिलं तर आई खाटेवर ताठ बसलेली, खांद्यावर ओढणी. पाखरं तिच्या मनगटांवरून वर चढत होती, काही गालापर्यंत पोचली होती. ती पापणीसुद्धा हलवत नव्हती. माझी आई आहे हे ठाऊक असूनही मला जवळ जायची भीती वाटली.

तेवढ्यात बाबा चूळ भरायला बाहेर आले आणि सवयीने त्यांनी दारावरचा दिवा लावला. उजेड पडताच पाखरं आईच्या अंगावरून उठून दिव्याकडे जायला लागली. आईचा हात त्यांच्यामागे पुढे गेला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे आग पाखडणार. त्यांनी बटण बंद केलं आणि तिथेच पायरीवर, अंधारात, बसून राहिले.