नाल्यापासून दारापर्यंत
धुळ्याच्या पीयूसी सेंटरवर कौतिकनानांचा ट्रक दुसऱ्यांदा नापास झाला. तिथल्या माणसाने सायलेन्सरात नळी घातली, नानांनी रेस वाढवली, आणि मागून असा काळाकुट्ट धूर निघाला की शेजारचा चहावाला दुधावर झाकण ठेवायला धावला. पीयूसी नाही तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर एवढ्या जुन्या गाडीला भंगाराशिवाय वाट नाही. हे नानांना ठाऊक होतं, तरी त्या माणसाने दोनदा सांगितलं. शहाणपण फुकटच असतं, वाटायला कोणाचं काय जातं!

गाडी भूषणची, नानांच्या एकुलत्या एका मुलाची. चोपड्याकडची केळी भरून तो पार दिल्लीपर्यंत जायचा. तरणाताठा पोरगा काविळीने गेला, आणि उतारवयात नानांनी स्टिअरिंग धरलं. गाडी विकायचा विषयही त्यांनी कोणाला काढू दिला नाही.

सेंटरवरून त्यांनी ट्रक अभिमन मिस्तरीकडे नेला. अभिमन भूषणचा दोस्त. त्याने इंजिन उघडलं आणि डिझेल पंपाच्या एका स्क्रूवर बोट ठेवलं. स्क्रूवर कुंकवाचा वाळलेला टिपका होता. दसऱ्याला सगळे ड्रायव्हर चाकांना कुंकू लावतात. भूषण आईच्या ताटातलं कुंकू या स्क्रूलाही लावायचा.

"नाना, बठ्ठा धूर ह्या स्क्रूना शे," अभिमन म्हणाला. "केळी भरीसन घाट चढाले जोर पाहिजे, म्हनीसन भूषणनी डिझेल वाढाडी ठेयेल व्हतं. ते कमी करनं पडी. सायलेन्सर बी फाटेल शे, तो बदलनं पडी."

"मंग गाडीना आवाज बदली का रे?"

"बदलीच ना! नरम बोली. चांगलंच शे ना, नाना?"

नाना त्याला काय सांगणार? गावाजवळच्या नाल्याचा चढ चढताना ट्रक अशी डरकाळी फोडायचा की भूषणच्या आईला, यशोदाबाईंना, घरात कळायचं. भूषण असताना त्या आवाजावर त्या चुलीवर तवा ठेवायच्या. तो गेल्यावरही ठेवत राहिल्या. त्यांना वेडबिड काही लागलेलं नव्हतं. पोरगा गेला हे त्या माउलीला पुरतं माहीत होतं. पण नाल्यापासून दारापर्यंत गाडी यायची, तेवढा वेळ त्यांचा मुलगा घरी येत असायचा. मग केबिनमधून नाना उतरायचे, आणि त्या मान खाली घालून भाकरी थापायच्या. आपण उतरतो याची नानांना लाज वाटायची.

पण गाडी भंगारात गेली तर आवाजही जाणार आणि गाडीही.

"कर," ते म्हणाले. अभिमनने फडक्याने कुंकू पुसलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. पोराला दुसऱ्यांदा पोचवतोय असं त्यांना वाटलं.

नव्या सायलेन्सरातून जेमतेम करडा धूर निघाला आणि गाडी पास झाली. सेंटरवाल्याने अभिनंदन केलं. नानांनी हात जोडले आणि गाडी गावाकडे वळवली.

नाल्याशी येताच त्यांनी गिअर खाली टाकला, पाय पुरता दाबला. निदान आजच्या दिवस ओरड, असं मनातल्या मनात त्यांनी गाडीला विनवलं. गाडी शहाण्यासारखी हलकेच चढ चढून गेली.

घरात चूल थंड होती. यशोदाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नाना कधी आले ते त्यांना कळलंच नव्हतं; दारात दिसताच त्या दचकल्या.

"तुम्ही कवय उनात? गाडी कोठे शे?"

"दारशीच उभी शे."

त्या बाहेर आल्या. उभ्या गाडीकडे पाहत राहिल्या. जवळ जाऊन त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"पास व्हयनी का?"

"व्हयनी."

बराच वेळ त्या हात काढेनात. मग पदराने डोळे पुसून आत गेल्या आणि चूल पेटवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमनासाठे भाकर टाकस."

भूषण गेल्यापासून पहिल्यांदाच तवा नानांसाठी चढला होता.