सोमवारची झारी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची झारी आहे. आतून कल्हई, पोट गोल आणि नळी बगळ्याच्या मानेसारखी लांब. फ्रान्समधल्या बोन गावात ब्रेसोले घराण्याची वाइनची पिढीजात पेढी आहे. तिच्या तळघरात माझी हयात गेली.

तळघरातल्या लाकडी पिंपांचे नखरे फार. त्यांतली वाइन लाकडातून हळूहळू उडून जाते, आणि वर पोकळी राहिली की उरलेली आंबट होते. म्हणून दर सोमवारी तळघर सांभाळणाऱ्या ओदीलबाई मला काठोकाठ भरत आणि एकेका पिंपाला तोंडाशी येईपर्यंत पाजत. वाढणारी मी, ढेकर देणारी पिंपं.

कोपऱ्यातल्या थोरल्या पिंपाचा तर मला भारी मत्सर वाटे. रोजच्या जेवणातल्या स्वस्त वाइनपासून लग्नकार्यात उघडायच्या वाइनपर्यंत पेढीवर सगळं मिळे, पण मान त्या एकट्याचा. गिऱ्हाईक आलं की मालक त्यातलाच घोट चाखवत. गिऱ्हाईक डोळे मिटून वाहवा करी. मी शेजारीच असे, पण माझ्याकडे कोण बघतो? ओदीलबाईसुद्धा मला खाली ठेवून त्यालाच दोनदा थोपटत. वाटे, झारीतला शुक्राचार्य व्हावं आणि त्याच्या वाटची वाइन अडवून धरावी.

पुढे ओदीलबाईंचे गुडघे गेले, त्या घरी बसल्या. नव्या माणसाने स्टीलचं भांडं आणलं. मला मालकांनी लख्ख घासून दुकानाच्या काचेत, सगळ्यांत महाग बाटलीच्याही वर बसवलं. लोक थांबून बघू लागले. काय तो माझा तोरा! पण सोमवार आला, खालून स्टीलच्या भांड्याची बुडबुड ऐकू आली, आणि माझा नुसता जळफळाट झाला.

परवा ओदीलबाई काठी टेकत आल्या. मालक कौतुकाने म्हणाले, "बघा, तुमची झारी कशी राणीसारखी बसवलीय."

त्यांनी मला उतरवलं, नळीला नाक लावलं. "राणी कसली, साहेब? कोळ्यानं घर केलंय हिच्यात."

मला वाटलं, आता नेतील खाली. पण त्यांनी मला होते तिथेच ठेवलं. "असू दे इथंच. मी जरा थोरल्याला भेटून येते."

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं नुसतं घासून मिरवू नका. त्यात काहीतरी भरा, हवं तर पाणी भरा.

मी काचेत बसून ऐकत होते. खाली थोरल्या पिंपावर दोनदा थाप पडली.