पाडव्याचा एकच घास

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या पाड्यावर बाईजाच्या घरात बाईजाचा शब्द शेवटचा. नवरा बारकू तिच्या शब्दाबाहेर नव्हता, मुलगा गणू तर नव्हताच नव्हता. दिवाळीच्या पाडव्याला गुरं धुवायची, अंगावर गेरूचे ठसे उमटवायचे, ओवाळायचं आणि मग घरच्या प्रत्येकानं आपल्या हातानं भरवायचं, ही सगळीकडची रीत. बाईजाच्या गोठ्यात मात्र घास एकच, तोही तिच्याच हातचा. गुराचं पोट म्हणजे लग्नाचा मांडव नव्हे, कुणीही यावं आणि वाढून जावं, असं ती बजावायची. लोक तिला चिक्कू म्हणत. म्हणोत बापडे.

अडतीस सालच्या दिवाळीला घरात नवी सून होती. मैना, शहापुराकडच्या डोळखांबची. तिलाही आदल्या दिवशीच तंबी मिळाली.

खरं सांगायचं तर बाईजाचा जीव चांद्या बैलात अडकलेला. आई मेली तेव्हा तो चार दिवसांचं वासरू होता. बाईजानंच त्याला कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. पाडव्याला झुंजुमुंजू होताच ती गोठ्यात शिरली. हातात नव्या, कच्च्या भाताच्या दाण्यांनी भरलेलं सूप. त्यातलं पसाभरच घालायचं ठरवून गेली होती. पण चांद्यानं तिचं मनगट चाटलं, आणि सूप कधी रिकामं झालं ते तिलाच कळलं नाही.

दुपारी चांद्या बसला तो उठेना. डावी कूस टम्म फुगलेली, मान जमिनीला टेकलेली. बारकूनं धावत जाऊन मंगळूला आणलं. गुरांच्या दुखण्यातलं त्या म्हाताऱ्याइतकं आसपास कुणाला कळत नव्हतं.

मंगळूनं औषधाला हात लावण्याआधी एकच विचारलं, यानं काय काय खाल्लंय? सगळ्यांच्या नजरा नव्या सुनेकडे वळल्या. मैना रडवेली होऊन म्हणाली, एक घावन दिलं. मग बारकूनं खाकरत शिजल्या भाताचे दोन मुटके कबूल केले. गणूनं भाकरी सांगितली. बाईजा गप्प. ज्या तोंडानं पंचवीस वर्षं घर धाकात ठेवलं, ते आता उघडायचं कसं?

"सारं शिजलेलंच हाय ना?" मंगळू म्हणाला. "मंग कोमट पाणी पाजा. कच्चं दाणं असतं तं थेंब नाय देता आला असता. पोटात फुगून बैल गेला असता."

मैना पळत जाऊन पाण्याचा हंडा घेऊन आली. चांद्या तहानेनं कासावीस झाला होता. पाणी दिसताच त्यानं मान उचलली.

"थांब गो मैना," बाईजा म्हणाली. "पाणी नको देऊस. मी सूपभर कच्चं भात घातलंय त्याला."

मंगळूनं हंडा दूर सारला. सगळ्यांनी मिळून बैलाला उठवलं, पुढचे पाय बांधावर चढवले. बांबूच्या नळीनं तेल आणि हिंग पाजलं, सतत चघळत राहावा म्हणून तोंडात आडवं लाकूड बांधलं. सासू-सून शेजारी उभ्या राहून डावी कूस चोळू लागल्या. हात भरून आले तरी बाईजा थांबेना. मैनेनंही हात काढला नाही. उन्हं कलल्यावर चांद्यानं भलामोठा ढेकर दिला. दिवेलागणीला तो रवंथ करू लागला, आणि बाईजा सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. तिला इतका आनंद गणूच्या लग्नातही झाला नव्हता.

पुढच्या पाडव्याला घास एकच होता, पण ताट मैनेच्या हातात. बारकूनं ताटाला हात लावला, गणूनं लावला. चौघांचा मिळून एक घास. बाईजा चांद्यापुढे आली तशी मैनेनं ताट मागे घेतलं.

"आत्याबाय," ती हसू दाबत म्हणाली, "आधी पदर झटका."

बाईजानं सुनेकडे रोखून पाहिलं. मग निमूटपणे कमरेचा पदर सोडून झटकला. पसाभर भात अंगणात सांडलं, आणि कोंबड्यांचा पाडवा झाला.