तीन इंचांची बायपास

शुद्धीवर येताच मास्तरांनी आधी छाती चाचपली. मधोमध काहीच नव्हतं.

"ऑपरेशन रद्द झालं का हो?" त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"झालं की! डाव्या फासळ्यांमधून. हाड कापावंच लागलं नाही. जेमतेम तीन इंचांची चीर."

मास्तरांचा जन्म शिंपीकामात गेलेला. "तीन इंचांत माझा खिसासुद्धा होत नाही! आणि टाके कुठायत?"

"आतून घातलेत, विरघळणारे. वरून गोंद."

गोंद! मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

खरं दुखणं होतं दादाचं. वीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या या थोरल्या भावाची बायपास झाली, तेव्हा छाती वरपासून खालपर्यंत उघडली होती. तीन महिने तो अंथरुणात आणि सगळं घर त्याच्या दिमतीला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात पंख्याखालची खुर्ची दादाचीच. आता आपली पाळी, असं मास्तरांना वाटलं होतं. पण पाचव्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले.

रविवारी शेजारच्या काकू फळं घेऊन भेटायला आल्या. मास्तरांनी शर्टाची बटणं सोडली. काकूंनी चष्मा लावला.

"कुठे काय?"

"अहो, हे काय इथे!"

"अय्या, मला वाटलं मांजराने ओरबाडलं."

दादा बाजूलाच बसला होता. "हल्ली बायपास राहिलीय कुठे! हे बघा," म्हणत त्याने आपला शर्ट वर केला.

"अगंबाई!" काकू मटकन खाली बसल्या.

मग दादाला चेव चढला. सांगता सांगता त्याला ठसका लागला. खोकताना छातीशी धरायला हॉस्पिटलने मास्तरांना दिलेली उशी त्यांच्या बायकोने काढून दादाला दिली, त्याला पलंगावर आडवं केलं. काकूंनी फळं त्याच्या उशाशी ठेवली. चहा टाकायला मास्तर गेले.

निघताना काकू दारात हळूच म्हणाल्या, "जपा हो भावाला. तुम्ही धडधाकट आहात म्हणून बरं."

मास्तर तणतणत आत आले. दादा त्यांच्याच पलंगावर, त्यांचीच उशी कवटाळून घोरत होता. बायकोने तोंडावर पदर दाबला, तरी हसू फुटलंच. मग मास्तरही हसले आणि फासळीत अशी कळ आली की मटकन बसले.

"आई गं!"

बायको धावली. "अहो, फार दुखतंय का?"

"फार," मास्तर समाधानाने म्हणाले.